संहितेशी इमान : कार्ल बार्टचे वाचन आणि त्याची मर्यादा

१

नामसाधर्म्यामुळे होणारा एक गोंधळ प्रथम दूर करावयास हवा. मराठी समीक्षेच्या वाचकाला 'बार्थ' म्हटले की फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ आठवतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला कार्ल बार्ट हा स्विस प्रॉटेस्टंट ईश्वरमीमांसक होय. १० मे १८८६ रोजी तो बाझल येथे जन्मला आणि १० डिसेंबर १९६८ रोजी त्याच शहरी वारला. रोलाँ बार्थचा 'लेखकाचा मृत्यू' हा निबंध १९६७-६८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे एका बार्थने लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवली, त्याच सुमारास दुसऱ्या बार्टची अखेर झाली. आणि या दुसऱ्याने जवळजवळ अर्धे शतक आधी वाचकाला लेखकाच्या शेजारी जाऊन उभे राहावयास सांगितले होते. हा योगायोग आहे. परंतु वाचनव्यवहाराविषयीच्या दोन टोकांच्या भूमिका त्यामुळे एकाच दृष्टिक्षेपात दिसतात, म्हणून तो नोंदविण्यासारखा आहे.

अर्थनिर्णयनशास्त्राचा इतिहास सांगताना श्लायरमाखर, डिल्टाय, हायडेगर, गाडामर असा क्रम सामान्यतः मांडला जातो. या क्रमात बार्टचे नाव क्वचितच येते. गाडामरने मात्र बार्टच्या 'रोमकरांस पत्र' या भाष्याकडे अर्थनिर्णयनशास्त्राचा एक प्रकारचा जाहीरनामा म्हणून पाहिले आहे. नव्या करारातील पौलाच्या एका पत्रावरील हे भाष्य धर्मोपदेशकांसाठी लिहिले गेले होते, हे खरे. तथापि 'प्राचीन संहिता वाचणे म्हणजे काय करणे' हा त्याच्या प्रस्तावनांतून पुनःपुन्हा विचारला गेलेला प्रश्न केवळ धर्मोपदेशकांचा नाही. संतवाङ्मय शिकविणाऱ्या कोणत्याही अध्यापकाला तो टाळता येत नाही. बार्टने या प्रश्नाचे दिलेले उत्तर समजून घेणे आणि त्या उत्तरात एकजीव झालेल्या दोन गोष्टी, गांभीर्य आणि निष्ठा, एकमेकींपासून वेगळ्या करून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

बार्टचे वाचन समजून घेण्यासाठी ते कोणत्या गरजेतून निर्माण झाले, हे पाहणे आवश्यक आहे. त्याचे वडील बर्न येथे ईश्वरमीमांसेचे प्राध्यापक होते. बर्न, बर्लिन, ट्युबिंगेन आणि मारबुर्ग येथे त्याचे शिक्षण झाले. बर्लिनमध्ये आडोल्फ फॉन हार्नाक आणि मारबुर्गमध्ये विल्हेल्म हेरमान हे त्याचे गुरू. दोघेही उदारमतवादी प्रॉटेस्टंट विचाराचे अध्वर्यू. ईश्वराविषयी बोलावयाचे म्हणजे मनुष्याच्या धार्मिक अनुभवाविषयी, त्याच्या नीतिमत्तेविषयी आणि त्याच्या सांस्कृतिक प्रगतीविषयी बोलावयाचे, ही श्लायरमाखरपासून चालत आलेली धारणा या परंपरेने परिणत केली होती. बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेत तिने जे काम केले, त्याचे मोल आजही कमी झालेले नाही.

१९११ साली बार्ट आरगाउ परगण्यातील झाफेनविल या गावी पाळक म्हणून रुजू झाला. गाव लहान, कापडधंद्यावर जगणारे. कामगारांच्या संघटनेपुढे तो वेतन, कायदे आणि कामाचे तास यांविषयी बोलू लागला. मजुरांच्या संघटनांना त्याने साहाय्य केले. कारखानदारांशी त्याचा खटका उडाला. १९१५ साली तो सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा सभासद झाला. गावात त्याला 'लाल पाळक' म्हणत. आठवडाभर ही कामे आणि रविवारी उपदेशपीठावर उभे राहून ईश्वराचे वचन सांगावयाचे. विद्यापीठात मिळालेली विद्या या रविवारच्या कामी पुरेशी पडत नाही, ही जाणीव त्याला येथे झाली. पौलाच्या पत्राचा काळ कोणता, त्यातील कोणत्या कल्पना यहुदी परंपरेतून आल्या आणि कोणत्या ग्रीक विचारातून, हे त्याला सांगता येत होते. पौल काय म्हणतो आहे आणि ते समोर बसलेल्या विणकराला का ऐकावे लागावे, हे सांगता येत नव्हते.

१९१४ च्या महायुद्धाने या अस्वस्थतेला वेगळी धार आली. जर्मनीच्या युद्धधोरणाचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर बार्टच्या गुरूंच्या सह्या होत्या. ज्यांचे ईश्वरविषयक विवेचन आपण प्रमाण मानले, त्यांना कैसरचे युद्ध आणि ईश्वराची इच्छा यांतील फरक दिसू नये, याचा अर्थ त्या विवेचनातच काही मूलगामी दोष असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे अनेक वर्षांनी ही आठवण सांगताना बार्टने तो दिवस ऑगस्टच्या आरंभीचा म्हणून सांगितला; प्रत्यक्षात पत्रकाची तारीख ४ ऑक्टोबर १९१४ अशी आहे. अभ्यासकांनी ही चूक दाखवून दिली आहे. ऐतिहासिक चिकित्सेच्या अपुरेपणावर बोट ठेवणाऱ्या माणसाच्या आत्मकथनालाही ऐतिहासिक चिकित्सेची गरज पडावी, ही गोष्ट पुढील चर्चेसाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९१६ च्या उन्हाळ्यात, शेजारच्या गावचा पाळक आणि जिवलग मित्र एडुआर्ड टुर्नआयझेन याच्याशी झालेल्या चर्चांनंतर, बार्टने रोमकरांस लिहिलेले पत्र नव्याने वाचावयास घेतले. वाचताना केलेली टिपणे वाढत गेली. काही प्रकाशकांनी नाकारलेले हस्तलिखित अखेर बर्नच्या एका प्रकाशकाने हजार प्रती काढून छापले. १९१८ च्या डिसेंबरात बाहेर पडलेल्या या पुस्तकावर १९१९ हे साल आहे. त्याच्या बळावर डॉक्टरेट नसलेल्या या खेडेगावच्या पाळकाला १९२१ मध्ये ग्यॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. तोवर त्याने पुस्तक मुळापासून पुन्हा लिहून काढले होते. १९२२ ची ही दुसरी आवृत्ती म्हणजेच आज आपण ज्याला बार्टचे 'रोमकरांस पत्र' म्हणतो ते पुस्तक होय.

३

दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना हा वाचनविषयक विचाराचा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. बार्ट ऐतिहासिक चिकित्सेचा शत्रू आहे, असा आक्षेप त्याच्यावर घेतला गेला होता. त्याचे उत्तर असे की, ऐतिहासिक चिकित्सा आवश्यक आहे, परंतु ती जेथे थांबते तेथून खरे अर्थनिर्णयन सुरू होते. पाठ निश्चित करणे, शब्दांचे अर्थ लावणे, समांतर स्थळे दाखविणे ही पूर्वतयारी होय. विद्वानांनी ही पूर्वतयारीच भाष्य म्हणून पुढे केली, अशी त्याची तक्रार आहे. समकालीन पंडित आडोल्फ यूलिशर आणि सोळाव्या शतकातील कॅल्व्हिन यांच्या भाष्यांची तो तुलना करतो. यूलिशरला अडचणीचे स्थळ आले की, ते पौलाच्या व्यक्तिमत्त्वाचे किंवा त्याच्या काळाचे लक्षण म्हणून बाजूला ठेवता येते. कॅल्व्हिन मात्र संहितेशी इतका वेळ झुंजतो की, त्याच्या आणि पौलाच्या दरम्यानचे शतकांचे अंतर विरून जाते; दोघे एकाच विषयावर बोलू लागतात. बार्टला हवे असलेले वाचन हे आहे. आपल्यापुढे एक प्राचीन दस्तऐवज आहे याचा वाचकाला जवळजवळ विसर पडावा आणि त्या दस्तऐवजाचा जो विषय, त्याच्या समोर त्याने उभे राहावे. चिकित्सकांनी चिकित्सा सोडावी असे तो म्हणत नाही. त्यांनी ती पुरती करावी असे म्हणतो. इतिहासाच्या साहाय्याने संहितेला प्रश्न विचारणाऱ्याने त्याच संहितेचा आपल्याला आलेला प्रश्नही ऐकला पाहिजे.

येथे एक अधिकार उलटा फिरला आहे. एकोणिसाव्या शतकातील पंडित न्यायाधीशाच्या आसनावर होता आणि संहिता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. बार्टने त्यांच्या जागा बदलल्या. त्याच्या भाष्यात पुनःपुन्हा येणारा 'क्रिसिस' हा ग्रीक शब्द संकट या अर्थाबरोबरच निवाडा हा अर्थही बाळगतो. ईश्वर आणि मनुष्य, अनंतता आणि काळ यांच्यात किर्केगार्दने सांगितलेले अथांग गुणात्मक अंतर आहे. त्यामुळे मनुष्याची नीती, संस्कृती आणि सर्वांत आधी त्याचा धर्म या निवाड्याखाली येतो, असे पौल सांगतो आहे, हे बार्टचे वाचन. निवाडा पहिल्यांदा होतो तो धार्मिक मनुष्याचा. म्हणजे भाष्यकाराचा आणि त्याच्या वाचकाचा.

या विचाराने भाष्याची शैलीही घडविली आहे. ईश्वराविषयी बोलणे हे आपले कर्तव्य आहे, मनुष्य म्हणून ते आपल्याला शक्य नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणून वागावयाचे आहे, अशा आशयाची मांडणी त्याने १९२२ च्याच एका व्याख्यानात केली. ही कोंडी 'रोमकरांस पत्रा'च्या वाक्यावाक्यांत आहे. वर्तुळाला जेमतेम स्पर्श करून निघून जाणारी स्पर्शरेषा, स्फोटानंतर उरलेला खड्डा, पोकळी, अशक्य अशी शक्यता या त्याच्या प्रतिमा सर्व नकाराच्या दिशेने जातात. साक्षात्काराचे वर्णन तो साक्षात्कारानंतर मागे राहिलेल्या रिक्त जागेने करतो. विधान करावयाचे, लगेच ते मोडावयाचे आणि मोडलेल्या विधानाच्या पलीकडे बोट दाखवावयाचे, ही त्या गद्याची लय आहे. महायुद्धोत्तर जर्मन अभिव्यक्तिवादी साहित्याशी तिचे नाते अभ्यासकांनी दाखविले आहे. पौलाने तरी असे लिहिले होते काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात वारंवार उभा राहतो. भाष्यकार लेखकाच्या इतका निकट गेला आहे की, कोणता आवाज कोणाचा हे सांगणे कठीण व्हावे. हेच त्या ग्रंथाचे सामर्थ्य आणि हाच त्याच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप.

बार्टला याची जाणीव पुढे झाली. १९५६ मधील 'ईश्वराचे मनुष्यत्व' या व्याख्यानात, आपल्या आरंभीच्या लेखनात ईश्वराच्या परतेवर दिलेला भर एकांगी होता, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

४

हा आक्षेप दोन दिशांनी आला आणि दोन्हींचे मोल वेगळे आहे. १९२३ मध्ये हार्नाकने आपल्या या जुन्या विद्यार्थ्याला उद्देशून १५ प्रश्न प्रसिद्ध केले. उपदेशपीठ आणि अध्यापनपीठ यांची गल्लत केल्यास ज्ञानाची शिस्त नष्ट होईल आणि ज्याला जे वाटेल ते संहितेच्या तोंडी घालण्याची वाट मोकळी होईल, ही त्यामागची भीती होती. ती अनाठायी नव्हती. बार्टचे उत्तर तात्त्विक दृष्ट्या सुसंगत होते, पण कोणते वाचन स्वैर आणि कोणते संहितेने लादलेले, हे ओळखण्याची कसोटी त्यातून मिळत नाही.

दुसरा आक्षेप मित्राचा होता आणि म्हणून अधिक खोल गेला. रुडोल्फ बुल्टमानने १९२२ मध्ये दुसऱ्या आवृत्तीचे परीक्षण लिहिले. संहितेच्या मूळ विषयापर्यंत पोचले पाहिजे, हे त्याला मान्यच होते. परंतु एकदा तो विषय उमगला की, त्या विषयाच्या कसोटीवर संहिताही तपासली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. पौलही मनुष्य होता. त्याच्या पत्रातून ख्रिस्ताच्या आत्म्याखेरीज इतर आत्मेही बोलतात. पौल जेथे आपल्या विषयाच्या उंचीला पोचत नाही, तेथे भाष्यकाराने तसे सांगावे.

तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बार्टने याला दिलेले उत्तर लक्षणीय आहे. संहितेत इतर आत्मे बोलतात हे तर खरेच. ते काही स्थळांपुरते नसून सर्वत्रच बोलतात, असे तो म्हणतो. मनुष्याची भाषा वापरणाऱ्या प्रत्येक शब्दात ते आहेत. त्यामुळे येथे खरे वचन आणि येथे खोटे, अशी विभागणी करण्याचा अधिकार भाष्यकाराला मिळत नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय आहेत. लेखकाशी इमान राखून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर जाणे, किंवा त्याला सोडून देणे. अर्धे बरोबर जाऊन अर्धे वर उभे राहणे बार्टला अप्रामाणिक वाटते.

या वादात बार्ट जिंकला, असे म्हणता येत नाही. त्याने प्रश्न अधिक तीव्र करून ठेवला, एवढे मात्र खरे. बुल्टमान पुढे नव्या करारातील मिथकांचे अस्तित्ववादी अर्थनिर्णयन करण्याकडे वळला. १९४१ मधील त्याच्या व्याख्यानाने तो वाद सर्वदूर पोचला. बार्ट आपल्या वाटेने कथनाकडे वळला. 'चर्च डॉग्मॅटिक्स' या १९३२ पासून १९६७ पर्यंत प्रसिद्ध होत गेलेल्या, तरीही अपूर्ण राहिलेल्या महाग्रंथाच्या १९४५ च्या खंडात त्याने उत्पत्तीच्या कथांना इतिहास आणि मिथक या दोहोंपासून वेगळे काढून 'सागा' म्हटले. घडलेले, पण इतिहासकाराच्या साधनांनी पडताळता न येणारे असे काही काव्यात्म कथनातून सांगणारा हा प्रकार. त्याच ग्रंथात शौल, दावीद आणि यहूदा इस्कर्योत यांच्या कथांचे त्याने केलेले वाचन निखळ वाङ्मयीन दृष्टीनेही वाचनीय आहे. अमेरिकन अभ्यासक हान्स फ्राय याने १९७४ मध्ये बायबलमधील कथनाच्या ऱ्हासाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याची प्रेरणा येथे आहे. कथेचा अर्थ कथेच्या मागे, ऐतिहासिक तथ्यात किंवा नैतिक बोधात न शोधता कथेतच शोधावा, हा फ्रायचा आग्रह आपल्या समीक्षेलाही परका नाही.

या महाग्रंथाच्या निर्मितीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ९,००० हून अधिक पृष्ठांच्या या लेखनामागे शार्लोटे फॉन किर्शबाउम हिचे परिश्रम होते. १९२९ पासून ती बार्टच्या घरीच राहून संदर्भ जमविणे, टिपणे काढणे, हस्तलिखिते तयार करणे हे काम करीत असे. दोघांमधील प्रेमसंबंध आणि त्यामुळे बार्टच्या पत्नीच्या वाट्याला आलेले दुःख हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारातून आणि नंतरच्या चरित्रांतून स्पष्ट झाले आहे. लेखकाशी इमान राखा असे सांगणाऱ्या ग्रंथावर एकाच लेखकाचे नाव असावे, यातील विसंगती आजच्या वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

५

निष्ठेचे हे तत्त्व केवळ अभ्यासिकेत राहिले असते तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. १९३३ नंतरच्या जर्मनीत त्याची परीक्षा झाली. 'जर्मन ख्रिस्ती' म्हणविणाऱ्या गटाने वंश, राष्ट्र आणि त्या वर्षीच्या राजकीय घटना यांतही ईश्वराचे प्रकटीकरण पाहावयास सुरुवात केली. म्हणजे संहितेच्या शेजारी दुसरी एक संहिता ठेवली गेली आणि पहिलीचा अर्थ दुसरीच्या प्रकाशात लावला जाऊ लागला. बार्टने याला नकार दिला. मे १९३४ च्या अखेरीस बार्मेन येथे भरलेल्या सभेने संमत केलेल्या जाहीर निवेदनाचा मुख्य लेखक तोच होता. ख्रिस्त या एकाच वचनाखेरीज अन्य घटना, सत्ता किंवा सत्ये यांना प्रकटीकरण मानावयाचे नाही, हा त्याच्या पहिल्या कलमाचा आशय. त्याच वर्षी एमिल ब्रुनर या सहकाऱ्याने निसर्गातून होणाऱ्या ईश्वरज्ञानाला मर्यादित जागा देऊ केली, तेव्हा बार्टने 'नाही!' अशा एकशब्दी शीर्षकाची पुस्तिका लिहून उत्तर दिले. हिटलरशी एकनिष्ठतेची बिनशर्त शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे त्याची बॉन विद्यापीठातील जागा गेली आणि १९३५ मध्ये तो बाझलला परतला.

एका संहितेशी असलेले इमान दुसऱ्या सत्तेला नकार देण्याचे बळ देते, याचे हे उदाहरण होय. परंतु त्याच उदाहरणात त्याची उणीवही आहे. बार्मेनच्या निवेदनात यहुद्यांच्या छळाचा उल्लेख नाही. तो आपण निर्णायक प्रश्न म्हणून मांडावयास हवा होता आणि मांडला नाही हा आपला दोष, असे बार्टने १९६७ मध्ये एका पत्रात कबूल केले. संहितेकडे एकाग्र झालेल्या डोळ्यांना शेजारी चाललेला छळ पुरेसा दिसला नाही. या कबुलीवरून बार्टची थोरवी जशी कळते, तशी त्याच्या पद्धतीची मर्यादाही कळते.

६

आता आपल्या दृष्टीने कळीचा प्रश्न. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बार्टने असे म्हटले आहे की, ही पद्धत बायबलपुरती नाही. लाओत्से किंवा गटे यांचे अर्थनिर्णयन करण्याचे काम आपल्याकडे असते, तर तेही आपण याच रीतीने केले असते. हे विधान त्याच्याच कसोटीवर तपासून पाहता येते. 'चर्च डॉग्मॅटिक्स'च्या १९३८ च्या खंडात 'धर्म म्हणजे अविश्वास' हा त्याचा सुप्रसिद्ध सिद्धान्त आहे. तो प्रथम ख्रिस्ती धर्माला लागू आहे, हे त्याने निक्षून सांगितले आहे आणि त्याच्यावर टीका करणाऱ्यांनी हे नेहमीच लक्षात घेतलेले नाही. त्याच प्रकरणात जपानमधील होनेन आणि शिनरान यांच्या बौद्ध पंथाचा विचार करताना, केवळ कृपेवर भिस्त ठेवणारा धर्म ख्रिस्ती परंपरेबाहेरही आहे, हे तो मान्य करतो. भारतातील भक्तीचाही तो उल्लेख करतो, पण जपानी पंथाइतके जवळचे साम्य तिच्यात त्याला दिसत नाही. अखेरीस फरक उरतो तो येशू ख्रिस्त या नावाचा, एवढेच त्याचे उत्तर आहे.

श्रद्धेचे विधान म्हणून त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. वाचनाच्या अंगाने मात्र हरकत घ्यावी लागते. भक्तीविषयीचा त्याचा निर्णय कोणत्याही भक्तिसंहितेशी झुंज घेऊन आलेला नाही. धर्मेतिहासाच्या दुय्यम ग्रंथांतून मिळालेल्या सारांशावर तो उभा आहे. पौलाच्या बाबतीत जी पूर्वतयारी भाष्य म्हणून खपविण्याला त्याने विरोध केला, ती पूर्वतयारीच येथे निवाडा होऊन बसली. यूलिशरवर केलेला आरोप येथे त्याच्यावरच उलटतो. ज्या वर्षाचे साल 'रोमकरांस पत्रा'च्या पहिल्या आवृत्तीवर आहे, त्या १९१९ साली रेव्हरंड ना. वा. टिळक निवर्तले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची श्रद्धा होती. टिळकांनी तुकारामांचा अभंग आतून वाचला होता; बार्टच्या मीमांसेत अशा पुलाला जागा नाही. डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे भरलेल्या मिशनरी परिषदेसाठी, बार्टच्या विचाराशी जवळचे नाते असलेल्या हेन्ड्रिक क्रेमर याने ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी चेंचय्या, चक्करै आदी मद्रासच्या ख्रिस्ती विचारवंतांनी भारतातील ख्रिस्ती धर्माच्या पुनर्विचाराची मागणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची तक्रार थोडक्यात हीच होती की, आमचा अनुभव आणि आमच्या संहिता ऐकून घेण्याआधीच त्यांचा निकाल लागलेला आहे.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. लेखकाबरोबर शेवटपर्यंत जा, किंवा त्याला सोडा, असे बार्ट म्हणतो. आणि त्याचा सगळा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. पण संहितेने ज्याला माणूस म्हणून नाकारले, त्या वाचकाने काय करावे? डॉ. आंबेडकरांचे 'जातिनिर्मूलन' हे लाहोरसाठी लिहिलेले, पण तेथे होऊ न शकलेले भाषण १९३६ सालचे आहे. शास्त्रांचा खरा अर्थ निराळाच आहे, असे सांगून सुधारणा घडणार नाही. लोकांनी ती ज्या अर्थाने मानली तोच अर्थ त्यांच्या जीवनात कार्य करतो, म्हणून शास्त्रांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे, हा त्यातील युक्तिवाद सर्वश्रुत आहे. बुल्टमानप्रमाणे निवडक भाग बाजूला काढण्याची सवलत आंबेडकर घेत नाहीत. संहितेच्या मुळाशी जाऊन ती काय म्हणते हे त्यांनी पुरते ऐकले आणि तिला सोडले. बार्टने मोकळा ठेवलेला, पण स्वतः न चाललेला दुसरा पर्याय तो हाच. आंबेडकरांच्या वाचनाला अगंभीर म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यांच्याइतक्या गांभीर्याने ही शास्त्रे वाचणारे त्यांचे समर्थकही थोडे असतील.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो असा. बार्टच्या विचारात गांभीर्य आणि निष्ठा या दोन गोष्टी एकच होऊन येतात, कारण त्याच्यापुढे एकच संहिता होती आणि तिच्यावर त्याचा विश्वास होता. समीक्षेने त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. गांभीर्याची मागणी प्रत्येक वाचकाकडे करता येते. संहितेला प्रश्न विचारणाऱ्याने तिचा प्रश्न स्वतःपर्यंत येऊ द्यावा, ही बार्टची शिकवण त्याच्या श्रद्धेशी सहमत नसलेल्यालाही घेता येते. निष्ठेची मागणी मात्र कोणाकडेही करता येत नाही. ती त्या गांभीर्याच्या अखेरीस जन्माला आली तर येते, आणि कधी त्याच गांभीर्यातून नकार जन्माला येतो.

आपल्या परंपरेत एकनाथांचे उदाहरण आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठशुद्धी केली. पाठचिकित्सकाची शिस्त आणि वारकऱ्याचा भाव यांत त्यांना विरोध जाणवला नाही. आज एम.ए.च्या वर्गात आपण ज्ञानेश्वरी शिकवितो तेव्हा काळ, प्रती, राजवाड्यांची १९०९ ची आवृत्ती, नाथपंथ, यादवकालीन मराठीची रूपे हे सर्व सांगून होते आणि तास संपतो. प्रस्तुत लेखकाचा हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. बाराव्या अध्यायात भक्तीविषयी जे म्हटले आहे ते खरे आहे काय, हा प्रश्न विद्यार्थी विचारीत नाही, कारण तो विचारावयाचा असतो हे त्याला आपण कधी सांगितलेलेच नसते. झाफेनविलच्या पाळकाची अडचण हीच होती. त्याचे उत्तर आपण जसेच्या तसे स्वीकारू शकत नाही. पण पूर्वतयारी म्हणजे वाचन नव्हे, हे त्याने जे सांगितले ते मान्य केले, तर पुढचा तास जरा वेगळ्या रीतीने सुरू करावा लागेल; आणि विद्यार्थ्याने त्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिले, तरी ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी लागेल.